लिक्विड यीस्ट: पाकिटापासून फर्मेंटरपर्यंत

घरी बिअर करताना कोरड्या यीस्टचं पाकीट फाडायचं, वर्टवर (अंकुरलेल्या धान्याच्या, म्हणजे माल्टच्या, अजून न आंबलेल्या गोड पाण्यावर) भुरभुरायचं आणि झाकण लावायचं, ही सवय घेऊन लिक्विड यीस्टकडे वळलं की पहिली बॅच बहुधा रखडते. दोन्हींची अवस्थाच वेगळी असते. कोरड्या यीस्टच्या पेशी कारखान्यात भरपेट वाढवून, अंगावर चरबीचा साठा घेऊन झोपी गेलेल्या असतात. लिक्विड यीस्टमधल्या पेशी जाग्या असतात. पाकीट भरल्या दिवसापासून त्या स्वतःचा साठा खात राहतात आणि रोज थोड्याथोड्या मरत असतात. म्हणून हे यीस्ट वापरताना तीन हिशेब आधी करावे लागतात: पाकिटात आज जिवंत पेशी किती, आपल्या वर्टला किती हव्यात आणि मधली तूट कशी भरायची. हे तीन जमले की बाकीचं काम नेहमीच्या ब्रूइंगसारखंच आहे.

हा खटाटोप कधी करायचा

एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी १८८३ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तोवर बिअरमध्ये कुठलं यीस्ट काम करतंय याचा पत्ताच नसायचा. आज पाकिटांवर जे वाणांचे क्रमांक दिसतात, त्यांची मुळं त्या कामात आहेत. यातले बरेच वाण वाळवण्याची प्रक्रिया नीट सोसत नाहीत, म्हणून ते फक्त द्रवरूपात मिळतात. निवडीला वाव मिळतो, हा लिक्विड यीस्टचा खरा फायदा.

ज्या बिअरची चव यीस्टवरच उभी असते तिथे लिक्विड यीस्ट घ्या. जर्मन गव्हाची बिअर (हेफेवायझन), बेल्जियन एल, सेझों, इंग्लिश बिटर ही अशी उदाहरणं. स्वच्छ चवीच्या, हॉप्सला (कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांना) पुढे करणाऱ्या अमेरिकन पेल एलसाठी मात्र ताजं कोरडं यीस्ट हे जुनाट लिक्विड पाकिटापेक्षा केव्हाही बरं. पहिल्यांदा करताना १.०४५ ते १.०५० घनतेची (घनता म्हणजे वर्टमधल्या साखरेचं माप, साधं पाणी १.०००) साधी एल, म्हणजे उबदार तापमानाला आंबणारी बिअर, निवडा. लागर (थंडीत आंबणारी बिअर) किंवा तगडी बिअर घेऊन शिकायला बसू नका, कारण तिथे पेशींची गरज दीडपट-दुप्पट होते आणि चुकीला जागा उरत नाही.

वाणाची माहिती कशी वाचायची

प्रत्येक वाणाबरोबर कंपनी तीन आकडे देते: तापमानाचा पट्टा, अटेन्युएशन आणि फ्लॉक्युलेशन. तापमानाचा पट्टा आधी बघा आणि तो आपल्याला सांभाळता येईल का याचं प्रामाणिक उत्तर द्या. खोली २६ अंशांवर असेल आणि थंड करायची सोय नसेल, तर १२ अंशांवर चालणारं लागर यीस्ट कितीही नामांकित असलं तरी उपयोगाचं नाही. अशा ठिकाणी ३० ते ४० अंशांतही स्वच्छ काम करणारे नॉर्वेजियन क्वाइक वाण मदतीला येतात.

अटेन्युएशन म्हणजे यीस्ट किती टक्के साखर फस्त करतं. सुरुवातीची घनता १.०४८ आणि अटेन्युएशन ७५ टक्के असेल, तर ४८ मधले १२ उरतात आणि बिअर १.०१२ च्या आसपास थांबते. हा आकडा वहीत आधीच लिहून ठेवा. बिअर खरंच अडकली आहे की तिचं काम संपलंय, हे पुढे यावरूनच कळतं.

फ्लॉक्युलेशन म्हणजे काम झाल्यावर पेशी एकमेकींना चिकटून खाली बसण्याची ओढ. वायईस्ट कंपनीच्या १९६८ क्रमांकाच्या वाणासारखं इंग्लिश यीस्ट इतक्या घाईने बसतं की बिअर झटकन निवळते, पण कधीकधी साखर शिल्लक असतानाच ते तळ गाठतं. हेफेवायझनचं वायईस्ट ३०६८ याच्या अगदी उलट, ते दिवसच्या दिवस तरंगत राहतं.

आणखी एक शब्द शोधा: डायस्टॅटिकस. पुष्कळ सेझों वाण या प्रकारात मोडतात. इतर यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा ते सावकाश तोडून खात राहतं. असं यीस्ट नळीत किंवा प्लॅस्टिकच्या ओरखड्यात राहून गेलं आणि दुसऱ्या बॅचमध्ये शिरलं, तर बाटलीबंद झाल्यावर काही आठवड्यांनी बाटल्या फुटू शकतात. अशा वाणासाठी नळ्या आणि प्लॅस्टिकचं सामान वेगळंच ठेवा.

खरेदी आणि साठवण

पाकिटावरची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. ती भरल्याची आहे की संपण्याची, हेही नीट बघा. प्रवासात ते बर्फाच्या पाऊचसोबत आलं तर उत्तम. एखाद-दुसरा दिवस उबदार राहिल्याने सगळं मरत नाही, पण गाडीत तापलेलं पाकीट मात्र संशयाने बघा. घरी आल्यावर थेट फ्रिजमध्ये, २ ते ४ अंशांवर ठेवा. फ्रीझरमध्ये कधीच नको. पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशीची भिंत व पडदा फाटतो. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून ठेवलेलं पाकीटही गोठू शकतं, तेव्हा ते मधल्या कप्प्यात ठेवा.

काही पाकिटांत आत आणखी एक छोटी पोषकद्रव्याची पिशवी असते. पाकीट तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने ठोसा मारून ती आतल्या आत फोडायची असते. मग उबदार खोलीत पाकीट हळूहळू फुगतं. याला किमान तीन तास द्या, जुन्या पाकिटाला पूर्ण दिवसही लागतो. पाकीट फुगलं म्हणजे आतलं यीस्ट जिवंत आहे एवढंच कळतं, पेशी वाढून पुरेशा झाल्या असं नव्हे. फुगलं नाही तरी लगेच फेकू नका, आतली पिशवी फुटली का ते चाचपून बघा. पिशवी फुटली असूनही पाकीट सपाट राहिलं, तर आधी स्टार्टर करून (थोड्या वर्टमध्ये यीस्ट वाढवून, कृती पुढे आहे) खात्री करून घ्या.

पेशींचा हिशेब

प्रचलित प्रमाण असं आहे: एलसाठी दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोमागे (प्लेटो हे वर्टमधल्या साखरेचं दुसरं माप) साडेसात लाख पेशी, आणि लागरसाठी १५ लाख. अंश प्लेटो काढायला घनतेतले शेवटचे दोन आकडे चाराने भागा. १.०४८ म्हणजे ४८ भागिले ४, म्हणजे १२ प्लेटो. २० लिटरच्या बॅचसाठी हे आणखी सोपं होतं. एल असेल तर प्लेटोच्या आकड्याला १५ अब्जाने गुणा, लागर असेल तर ३० अब्जाने. म्हणजे १२ प्लेटोच्या एलला १८० अब्ज पेशी लागतात, तेवढ्याच लागरला ३६०. घनता १.०७२ पर्यंत नेली, तर एललाही २७० अब्ज लागतात.

आता पाकिटाकडे बघा. कंपनीनुसार एका पाकिटात १०० ते २०० अब्ज पेशी भरलेल्या असतात. आकडा पाकिटावर किंवा माहितीपत्रकात असतो. फ्रिजमध्ये ठेवूनही दर महिन्याला साधारण २० टक्के पेशी जातात, असा जुना अंगठेनियम आहे. १०० अब्जांचं पाकीट अडीच महिन्यांनी सुमारे ५७ अब्जांवर येतं, सहा महिन्यांनी २६ वर. काही नव्या प्रकारचं पॅकिंग याहून बरंच टिकतं. तरी नवख्याने वाईटच धरून चालावं, कारण पेशी थोड्या जास्त पडल्या तर फारसं बिघडत नाही, कमी पडल्या की बिअरच्या चवीत त्या दिसतात.

कमी पडल्या तर काय होतं? सगळा भार आहे तेवढ्या पेशींवर येतो. त्यांना आधी पुष्कळ वेळा विभागावं लागतं, त्यात अंगातला साठा संपतो, सुरुवात लांबते आणि त्या वेळात जंतूंना मोकळं रान मिळतं. फळांसारखे आणि सॉल्व्हंटसारखे वास वाढतात, शेवटी साखर उरते. याला अपवाद हेफेवायझनचा. तिथे गरजेपेक्षा खूप जास्त पेशी टाकल्या तर केळ्याचा हवाहवासा वास दबतो, म्हणून त्या बिअरला हिशेबापुढे जाऊ नका.

तूट भरायचे मार्ग दोनच: आणखी पाकिटं घ्यायची किंवा स्टार्टर करायचा.

स्टार्टर

स्टार्टर म्हणजे यीस्टसाठी बनवलेलं छोटं, हलकं, हॉप्स नसलेलं वर्ट. त्यात पेशी वाढवायच्या असतात, बिअर बनवायची नसते. म्हणून घनता कमी ठेवतात, १.०३६ ते १.०४० एवढीच. याहून दाट केलं की पेशींवर साखरेचा आणि दारूचा ताण पडतो. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: १ लिटरला १०० ग्रॅम सुकी माल्ट एक्स्ट्रॅक्ट पावडर, फिकट रंगाची. पावडरऐवजी साधी साखर घालून भागवू नका. साध्या साखरेवर वाढलेल्या पेशींना माल्टोज (वर्टमधली मुख्य साखर) खायची सवय राहत नाही आणि खऱ्या वर्टमध्ये गेल्यावर त्या अडखळतात.

सामान: बोरोसिलिकेट काचेचा कोनिकल फ्लास्क (१ लिटर स्टार्टरला २ लिटरचा), वजनकाटा, थर्मामीटर, ॲल्युमिनियम फॉइल, सॅनिटायझर, यीस्टचं पोषकद्रव्य, आणि जमल्यास चुंबकी कांडी व स्टर प्लेट (खालून चुंबकाने ती कांडी फिरवत ठेवणारं यंत्र). फ्लास्क नसेल तर पातेल्यात उकळा आणि थंड झाल्यावर निर्जंतुक केलेल्या मोठ्या बरणीत ओता. साधी काचेची बरणी आचेवर ठेवू नका किंवा उकळतं वर्ट तिच्यात ओतू नका, ती तडकते.

वेळेचं गणित उलटं मांडा. शनिवारी सकाळी ब्रूइंग असेल तर बुधवारी संध्याकाळी स्टार्टर लावा, गुरुवारी रात्री तो फ्रिजमध्ये ठेवा, शनिवारी वापरा. हेफेवायझनसारखं तरंगत राहणारं वाण असेल तर एक दिवस आधीच सुरू करा.

१. पाकीट फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

२. फ्लास्कमध्ये १ लिटरहून थोडं जास्त पाणी घ्या, कारण उकळताना काही उडून जातं. कोमट करून त्यात १०० ग्रॅम माल्ट पावडर हलवत घाला. वाफेवर धरून पावडर टाकली तर ती फ्लास्कच्या गळ्यातच गोळा होऊन चिकटते, म्हणून पाणी उकळायच्या आत घाला. लिटरमागे चिमूटभर, साधारण अर्धा ग्रॅम, पोषकद्रव्य टाका.

३. चुंबकी कांडी आत सोडा, म्हणजे तीही उकळून निघेल. १० मिनिटं उकळा. हे वर्ट ऊतू जायला क्षणही लागत नाही आणि फ्लास्कच्या अरुंद गळ्यातून ते कारंज्यासारखं उसळतं. फ्लास्क निम्म्याहून फार वर भरलेला नको, आच मंद हवी आणि नजर हटता कामा नये.

४. गळ्यावर सॅनिटायझरने पुसलेली फॉइल सैल बसवा. फ्लास्क दोन मिनिटं ओट्यावर राहू द्या, मग थंड पाण्यात आणि शेवटी बर्फाच्या पाण्यात ठेवून २० ते २४ अंशांवर आणा.

५. यीस्टचं पाकीट बाहेरून सॅनिटायझरने भिजवा. कात्रीलाही तेच. पाकीट चांगलं हलवा, कापा आणि फ्लास्कमध्ये रिकामं करा. आम्लावर आधारलेलं, न धुता चालणारं सॅनिटायझर (स्टार सॅन या प्रकारचं) लिटरला साधारण दीड मिली या प्रमाणात पुरतं आणि पृष्ठभाग एक-दोन मिनिटं ओला राहिला की काम होतं. त्याचा फेस राहिला तरी हरकत नाही. आधी सामान घासून स्वच्छ हवं, कारण घाणीच्या थराखालचे जंतू सॅनिटायझरने मरत नाहीत.

६. स्टर प्लेटवर ठेवा. वेग एवढाच ठेवा की वर लहानशी खळी पडेल. तळापर्यंत भोवरा करायची गरज नाही. तापमान २० ते २४ अंश, लागर यीस्टलाही. इथे चवीचा विचार करायचा नाही, फक्त वाढीचा.

फॉइल सैलच राहू द्या आणि एअरलॉक (वायू फक्त बाहेर सोडणारी पाण्याची झडप) लावू नका. पेशींना नवा पडदा बांधायला स्टेरॉल (एक प्रकारची चरबी) लागतं आणि स्टेरॉल बनवायला प्राणवायू. एअरलॉक हवा आत येऊ देत नाही. फॉइलच्या घडीतून हवा येते, धुळीबरोबर पडणारे जंतू मात्र तिथेच अडकतात.

पहिले काही तास काहीच दिसत नाही आणि नवख्या माणसाचा धीर इथेच सुटतो. मग फ्लास्क उजेडासमोर धरून बघा. सुरुवातीला वर्ट काळ्या चहासारखं पारदर्शक असतं, मागे धरलेली बोटं दिसतात. बारा-चौदा तासांनी तेच फिकट, दुधाळ, घट्टसर झालेलं असतं आणि बोटं दिसेनाशी होतात. हा गढूळपणा म्हणजेच वाढलेलं यीस्ट. स्टर प्लेटवर फेस अनेकदा येतच नाही, आला तरी रात्रीतून येऊन बसून जातो. फेस दिसला नाही म्हणून घाबरू नका. खात्री हवी असेल तर घनता मोजा, ती १.०१० च्या आसपास उतरलेली असेल. वास ताज्या पावासारखा किंवा सौम्य फळासारखा यायला हवा. सडक्या अंड्यांसारखा वास चालतो, पण आंबट व्हिनेगर, जळकं रबर किंवा औषधासारखा वास आला तर तो स्टार्टर फेकून द्या. २० लिटर वर्ट पणाला लावण्यापेक्षा १०० ग्रॅम पावडर गेलेली परवडते.

स्टर प्लेटवर ढोबळमानाने दर ग्रॅम माल्ट पावडरमागे १.४ अब्ज नव्या पेशी मिळतात. म्हणजे अडीच महिने जुन्या पाकिटातल्या ५७ अब्ज पेशी १ लिटर स्टार्टरमधून २०० अब्जांच्या थोड्या खाली पोहोचतात आणि १२ प्लेटोच्या एलला पुरतात. लागरला साधारण २.२ लिटरचा स्टार्टर लागेल. सहा महिने जुनं पाकीट असेल तर एका दमात मोठ्या स्टार्टरमध्ये टाकू नका. आधी अर्ध्या लिटरमध्ये जागवा, बसू द्या, निवळी ओता आणि मग दीड लिटर ताजं वर्ट घाला.

स्टर प्लेट नसेल तर वाढ निम्म्याहूनही कमी होते. उपाय म्हणजे स्टार्टर २ लिटरचा करा आणि आत-बाहेर जाता-येता फ्लास्क जोराने फिरवत राहा, जेणेकरून बसलेलं यीस्ट उठेल आणि वरचा वायू बाहेर पडून हवा आत येईल. दुसरी पद्धत थोडी वेगळी आहे. ४-५ लिटरच्या मोठ्या बरणीत १ लिटर वर्ट घ्या, झाकण घट्ट लावून ते सगळं फेस होईपर्यंत हलवा, मग यीस्ट घाला, झाकण सैल करा. फेस ऐन भरात असताना, साधारण १२ ते १८ तासांनी, अख्खा स्टार्टर वर्टमध्ये ओता. इथे संख्येपेक्षा पेशींचा जोम कामाला येतो. साध्या एलसाठी ही पद्धत चांगली चालते, आणि फ्रिजमध्ये बसवायचे दोन दिवसही वाचतात.

सुरक्षेची एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी. उरलेलं वर्ट नुसतं उकळून हवाबंद बरणीत खोलीच्या तापमानाला साठवू नका. बोट्युलिझम करणाऱ्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळीत मरत नाहीत आणि वर्ट त्यांना रोखण्याइतकं आंबट नसतं. साठवायचंच असेल तर प्रेशर कॅनरमध्ये १२१ अंशांवर प्रक्रिया करावी लागते. प्रत्येक वेळी ताजं बनवणं जास्त सोपं.

निवळी ओतणं

फ्रिजमध्ये २४ ते ४८ तास ठेवल्यावर तळाशी साय रंगाचा घट्ट थर दिसतो आणि वर तपकिरी निवळी. ही निवळी म्हणजे हवा लागलेली, शिळकट चवीची पातळ बिअर. १ लिटरपर्यंतचा स्टार्टर २० लिटरमध्ये अख्खा गेला तरी फरक क्वचित कळतो, पण हलक्या लागरमध्ये २ लिटर घातलं तर नक्की कळतो. म्हणून ब्रूइंगच्या दिवशी फ्लास्क बाहेर काढा, बाहेरून दुसरा चुंबक लावून कांडी अडवून धरा आणि निवळी एका दमात, न थांबता ओता. थांबून पुन्हा तिरपं केलं की थर ढवळतो. यीस्ट सरकायला लागलं की थांबा. तळाशी दोन-तीन बोटं द्रव राहू द्या, त्यातच यीस्ट फिरवून सैल करता येतं. गळा पुन्हा फॉइलने झाकून फ्लास्क खोलीत ठेवा.

वर्टमध्ये टाकताना

वर्ट थंड झालं की त्यात हवा मिसळा. उकळताना त्यातला प्राणवायू निघून गेलेला असतो आणि लिक्विड यीस्टकडे कोरड्या यीस्टसारखा स्टेरॉलचा साठा नसतो. लक्ष्य आहे लिटरला ८ ते १० मिलिग्रॅम. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) बंद करून पाच मिनिटं जोरात हलवलं तर फार तर ८ पर्यंत पोहोचता येतं, साध्या एलला ते पुरतं. तगड्या बिअरसाठी आणि लागरसाठी ०.५ मायक्रॉनच्या सूक्ष्म छिद्रांच्या दगडातून शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला १ लिटरच्या वेगाने ६० ते ९० सेकंद सोडतात. हे सगळं वर्ट २५ अंशांच्या खाली आल्यावरच करायचं. आंबणं जोमात आल्यावर हवा मिसळली तर बिअर शिळी लागते.

यीस्ट आणि वर्ट यांच्या तापमानात ५-६ अंशांपेक्षा जास्त फरक नको. उबदार यीस्ट एकदम थंड वर्टमध्ये गेलं की पेशी गारठून खाली बसतात. थंड यीस्ट किंचित गरम वर्टमध्ये गेलं तर तेवढं नुकसान होत नाही. एल साधारण १७-१८ अंशांवर सुरू करा आणि १८ ते २० मध्ये ठेवा, लागर ९-१० वर सुरू करून १० ते १२ मध्ये. आंबताना वर्ट स्वतः उष्णता सोडतं आणि फर्मेंटरच्या आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी वर जाऊ शकतं. थर्मामीटर भिंतीवर न लावता फर्मेंटरच्या अंगाला चिकटवा. चवीच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक काळ म्हणजे पहिले तीन दिवस. तेवढे तरी तापमान घट्ट धरा.

हेफेवायझनमध्ये हे नियंत्रण जिभेला कळतं. त्याच यीस्टला १७ अंशांवर ठेवलं तर लवंगेचा वास पुढे येतो, २२ वर नेलं तर केळ्याचा.

काय बिघडतं

एल ६ ते १८ तासांत हालचाल दाखवते, लागरला दीड दिवसही लागतो. एअरलॉकमध्ये बुडबुडे नाहीत म्हणजे आंबत नाही, असा अर्थ काढू नका, कारण झाकणाच्या फटीतूनही वायू निघून जातो. ४८ तासांनी घनता मोजा. ती हललेली नसेल तर तापमान दोन अंशांनी वाढवा आणि फर्मेंटर हलकेच फिरवा. ७२ तासांनीही तीच स्थिती असेल तर कोरड्या यीस्टचं पाकीट टाका. यासाठी एक पाकीट घरात कायम असू द्या.

मध्येच अडकली, म्हणजे घनता अंदाजापेक्षा ६-८ अंकांनी वर थांबली, तर तापमान २०-२१ पर्यंत न्या आणि बसलेलं यीस्ट फिरवून उठवा. पटकन खाली बसणाऱ्या इंग्लिश वाणांत हे वारंवार होतं. सेझोंचं वायईस्ट ३७२४ तर १.०३० च्या आसपास रुसून बसण्यासाठीच ओळखलं जातं. त्याला ऊब दिली आणि धीर धरला की ते पुन्हा सुरू होतं.

लोण्यासारखा वास म्हणजे डायअसिटिल. यीस्ट स्वतःच ते बनवतं आणि वेळ दिला तर स्वतःच खाऊन टाकतं. लागरमध्ये तीन चतुर्थांश आंबणं झाल्यावर तापमान १६ ते १८ वर नेऊन दोन-तीन दिवस ठेवतात, ते यासाठीच. बाटल्यांत भरण्याआधी चाचणी करा. थोडी बिअर झाकून ६०-७० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा, थंड करा आणि वास घ्या. लोण्याचा वास आला तर अजून दोन दिवस थांबा. हिरव्या सफरचंदाचा वासही घाईचंच लक्षण आहे. लागर यीस्टचा गंधकासारखा वास मात्र साठवणीत बहुतेक निघून जातो, त्यावर काही करू नका. बँडेजसारखा, औषधी वास कधीच जात नाही. तो पाण्यातल्या क्लोरीनमुळे किंवा जंगली यीस्टमुळे येतो.

बाटल्या भरायच्या आधी तीन दिवस घनता एकाच आकड्यावर हवी. यात तडजोड नको.

पुढच्या बॅचसाठी यीस्ट राखणं

फर्मेंटरच्या तळाचा साका बरणीत भरून पुन्हा वापरता येतो. त्यात मिलिलिटरला साधारण १ अब्ज पेशी असतात, पण हॉप्सचा चोथा आणि मेलेल्या पेशीही असतात. १.०६० पेक्षा कमी घनतेच्या, कमी कडू बिअरचा साका घ्या, दोन आठवड्यांत वापरा आणि बरणीचं झाकण सैल ठेवा.

याहून स्वच्छ मार्ग म्हणजे स्टार्टरच थोडा मोठा करणं. वरच्या उदाहरणात १ लिटरऐवजी १.६ लिटरचा स्टार्टर केला, १६० ग्रॅम पावडर घालून, तर साधारण २८० अब्ज पेशी मिळतात. फ्रिजमध्ये ठेवण्याआधी, सगळं नीट ढवळलेलं असताना, त्यातलं ५७० मिली निर्जंतुक बरणीत काढा. म्हणजे १०० अब्ज पेशी, अगदी नव्या पाकिटाइतक्या, बाजूला पडल्या. बाकीच्या १८० अब्ज आजच्या बॅचला. काढलेल्या यीस्टला हॉप्स, दाट वर्ट किंवा दारूचा ताण कधी लागलेलाच नसतो. बरणीवर वाणाचा क्रमांक, तारीख आणि कितवी पिढी ते लिहा आणि पुढचा स्टार्टर लावताना महिन्याला २० टक्क्यांची घट याच तारखेपासून धरा. पाच-सहा पिढ्यांनंतर नवं पाकीट आणा. त्याआधीही आंबण्याचा वेळ, खाली बसण्याची चाल किंवा वास बदललेला जाणवला, तर ती बरणी तिथेच रिकामी करा.